मदत हवी आहे: किराणा मालाच्या एजन्सीत माणूस न काढता खर्च कुठं कमी होईल?

नमस्कार. सोलापुरात मार्केट यार्डाजवळ आमची बिस्किटं, साबण, चहा आणि वॉशिंग पावडरची एजन्सी आहे. सासऱ्यांनी उभी केली, गेल्या दिवाळीपासून मी बघते. 640 दुकानांना माल पोचवतो, दोन टेम्पो. शहरातल्या पेठा, पूर्व भाग आणि आठवड्यातून दोनदा अक्कलकोट लाईन.

आकडे लपवत नाही, त्याशिवाय कुणी नीट सांगू शकणार नाही. महिन्याची विक्री 42 लाख, सगळं धरून मार्जिन साडेचार टक्के, म्हणजे 1,89,000. त्यातून पगार 78,000 (सेल्समनचा पगार कंपनी देते), डिझेल आणि गाड्या 31,000, गोडाऊन भाडं 18,000, सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज 17,000, हमाली-लाईट-छपाई 13,000 आणि कंपनी भरून देत नाही तो एक्स्पायरी-डॅमेज 9,000. हातात राहतात 23,000.

ज्यांना विचारलं ते एकच सांगतात, एक हेल्पर कमी करा. तो उपाय मला नको आहे. आमचे एक ड्रायव्हर 19 वर्षं आमच्याकडं आहेत, पूर्व भागातलं एकेक दुकान त्यांना तोंडपाठ आहे, तेलुगूत बोलून उधारी आणतात. शिवाय माणसं रिकामी बसलेली मला कधी दिसत नाहीत. सकाळी नऊपासून सगळ्यांची धावपळ असते, तरी पैसा उरत नाही.

म्हणून मागच्या आठवड्यात एकाच बिलाच्या मागं लागले. साखर पेठेतलं दुकान, बिल 1,640 रुपयांचं. सोमवारी दुपारी सेल्समननं मोबाईलवर ऑर्डर घेतली. संध्याकाळी साडेसातला बिल निघालं. मंगळवारी सकाळी पोरांनी बिल हातात धरून माल काढला: बिस्किटाच्या थप्पीकडं, मग साबणाकडं, परत बिस्किटाकडं, कारण पुढच्या बिलातही तीच बिस्किटं. टेम्पो निघाला 11 वाजून 10 मिनिटांनी. दुकानात पोचला पावणेतीनला. दुकान बंद, मालक जेवायला घरी. माल परत आला आणि गोडाऊनच्या दाराशी पडला. क्रेडिट नोट (परत मालाची रक्कम दुकानदाराच्या खात्यातून वजा केल्याचा कागद) गुरुवारी झाली. शुक्रवारी त्याच दुकानदाराचा फोन, "वहिनी, माल कुठाय माझा?" शनिवारी तोच माल पुन्हा गेला. तोवर एका खोक्याचा कोपरा दबला होता, तो त्यांनी घेतला नाही.

विक्री एकच, पण माल चारदा उचलला, दोनदा फिरवला. महिन्यात साधारण 2,500 बिलं होतात, अशी परत येणारी किती असतील याचा हिशोब आमच्याकडं कधीच नव्हता. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद 1 (पुणे, मूळ सोलापूर, कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर)

ताई, सुरुवात तुम्ही केलीच आहे. पूर्ण प्रक्रिया एका बिलाच्या पाठीमागं चालून बघणं, यालाच आम्ही प्रोसेस मॅपिंग म्हणतो. टोयोटाच्या ताइची ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, त्यातले निदान चार तुमच्या या एका बिलात आहेत: थांबणं, उगाच वाहतूक, उगाच चालणं आणि चुकीमुळं पुन्हा करावं लागणारं काम.

आता दोन गोष्टी करा. मागच्या महिन्यातली परत आलेली सगळी बिलं काढून प्रत्येकावर एकच कारण लिहा. आणि दोन दिवस स्वतः टेम्पोत बसा. चालती गाडी, माल उतरवणं-मोजणं आणि नुसतं थांबणं, या तीन वेळा वेगळ्या लिहा. बसायच्या आधी ड्रायव्हरना स्पष्ट सांगा की कुणाची नोकरी जाणार नाही. नाहीतर त्या दिवशी ते वेगळेच वागतील आणि तुमचे आकडे खोटे येतील.

माल काढायला बिलावार जाऊ नका. पूर्ण फेरीची एकत्र लोडिंग शीट (कुठला माल एकूण किती, याची यादी) काढा, एका मालाकडं एकदाच जा आणि टेम्पोपाशी वाटणी करा. शेवटच्या दुकानाचा माल आधी भरायचा.

प्रतिसाद 2 (बार्शी, आधी एका कंपनीत सेल्स सुपरवायझर)

परत आलेल्या बिलांवर तारीखही बघा. महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत गर्दी दिसली, तर ते दुकानदाराचं काम नाही. टार्गेट पुरं करायला सेल्समन न सांगितलेला माल टाकतो, बिल होतं, आकडा चढतो आणि एक तारखेनंतर माल परत येतो. मी स्वतः पोरांकडून हे करून घेतलं आहे, आज त्याचं वाईट वाटतं. सेल्समनला रागावू नका, त्याच्यावर वरून दाब असतो. ऑर्डर घेतली की दुकानदाराच्या फोनवर मेसेज जाईल एवढी सोय करा. खोटी ऑर्डर तिथंच थांबते.

प्रतिसाद 3 (सोलापूर, टॅक्सचं काम करतो)

तुमचा 9,000 चा आकडा कमी धरला आहे असं वाटतं. खराब झालेला माल नष्ट केला किंवा राईट ऑफ केला, तर जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे त्यावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची मिळालेली वजावट) उलटवावं लागतं. म्हणजे मालाची किंमत गेली आणि वर टॅक्सही गेला. तुमच्या सीएंना हे कुठं दाखवलंय ते विचारा. कंपनीला माल परत पाठवायची मुदत असते, ती चुकली की क्लेम बुडतो. दाराशी पडलेला माल नेमका त्यातच अडकतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून कागद काढले. 2,500 पैकी 230 बिलं पूर्ण किंवा अर्धी परत आली होती. दुकान बंद 84, "पैसे नाहीत, उद्या या" 61, ऑर्डर दिलीच नव्हती 47, रेट किंवा स्कीम चुकली 22, माल फुटका 9, बाकी 7. पहिल्या तीन कारणांतच 192. बार्शीच्या दादांचं तंतोतंत खरं निघालं: त्या 47 पैकी 38 बिलं शेवटच्या चार दिवसांतली.

पगार आणि गाडीखर्च 2,500 बिलांवर वाटला तर एका बिलामागं 43 रुपये 60 पैसे पडतात. म्हणजे परत येणाऱ्या बिलांवर महिन्याला 10,000 रुपयांची मेहनत जात होती. पगार तेच राहणार, तेव्हा हे सगळे काही गल्ल्यात येणार नाहीत, हे मला कळतं. पण महिनाअखेरीला चार दिवस आम्ही 1,800 रुपये रोजानं भाड्याचा टेम्पो लावतो. तो लागायचाच मुळी या माघारी येणाऱ्या मालापायी.

टेम्पोतही बसले. निघाल्यापासून परत येईपर्यंत 430 मिनिटं. गाडी चालली 118, उतरवणं-मोजणं 96, चहा-जेवण 45 आणि नुसतं थांबणं 171. मी इतके दिवस डिझेलच्या पावत्या तपासत होते! थांबणं सगळं काऊंटरसमोर: गिऱ्हाईक आटपेपर्यंत उभं राहा, मग सुट्टे पैसे मोजा.

कन्ना चौकातल्या एका दुकानदार काकांनी जे सांगितलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यांच्या गल्लीतली गिऱ्हाइकं यंत्रमाग कारखान्यातली आणि विडी कामगार बायका. आठवड्याचा पगार झाला की उधारी फिटते आणि दुकानात रोकड येते. आमची गाडी जायची नेमकी त्याच्या आदल्या दिवशी. "पोरी, तुझा माल मला नको असं नाही, तू चुकीच्या दिवशी येतेस." हे ड्रायव्हरना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण आम्ही कधी विचारलंच नाही. याचं मला फार लागलं.

धागाकर्ती (पुढच्या महिन्यात)

पूर्व भागाची बीट (ठरलेली फेरी) पगाराच्या दुसऱ्या दिवशी घेतली. लोडिंग शीटमुळं टेम्पो साडेनऊला निघतो. दुपारी दोन ते साडेचार सोलापूरच्या उन्हात दुकानं बंदच असतात, त्या वेळेत आता गाडी परत येऊन अक्कलकोट लाईन भरून घेते. ऑर्डरचा मेसेज सुरू केला. दाराशी लाल पट्टी मारून परत मालाची जागा ठरवली, क्रेडिट नोट त्याच संध्याकाळी.

परत बिलं 230 वरून 141 झाली. भाड्याचा टेम्पो एकच दिवस लागला, म्हणजे 5,400 रुपये सरळ वाचले. एकालाही काढलं नाही.

काऊंटरसमोरचं थांबणं मात्र फारसं हललं नाही, 171 चं 150 झालं. ऑर्डरच्या वेळीच यूपीआयनं पैसे घ्यावेत असं मनात आहे, पण पूर्व भागातले जुने दुकानदार माल हातात आल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. कुणी हे जमवलं असेल, तर दुकानदाराला काय सांगितलं, सूट दिली का, किती दिली, ते लिहा. अक्कलकोट लाईनला आधी करून बघू की शहरात?