डॉबरमन: नसबंदीआधी रक्तस्रावाची डीएनए टेस्ट करावी का?

माहीमकर: आमची राणी, डॉबरमन, आठ महिन्यांची. दुधाचे दात पडत होते तेव्हा तिची चघळायची दोरी लालेलाल व्हायची. आता नसबंदी करायचीय आणि ब्रीडर आत्ता सांगतोय की तिच्या बहिणीचं ऑपरेशननंतर रक्त थांबत नव्हतं! व्हॉन विलेब्रँडची (रक्त गोठवणारं एक प्रथिन जन्मतःच कमी असण्याचा आजार) डीएनए टेस्ट करावी का? कुणी केलीय?

शेपूटवाली: आधी सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) करा. मुंबईत कुत्र्याला रक्त आलं की पहिला संशय गोचीड तापाचा. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) दीड लाखाच्या खूप खाली असतील तर आधी तेच बघावं लागेल. उंदराचं औषध खाल्लं असेल तरी रक्त गोठत नाही.

डॉबीप्रेमी: बरोबर, पण प्लेटलेट नॉर्मल आल्या म्हणून सुटलो असं नाही. व्हॉन विलेब्रँडमध्ये त्या नॉर्मलच असतात, पीटी-एपीटीटी या रक्त गोठण्याच्या टेस्टसुद्धा बहुधा नॉर्मल. डीएनए टेस्ट सोपी आहे. गालाच्या आतून स्वॅब फिरवायचा, त्याआधी थोडा वेळ खायला द्यायचं नाही, वाळवून लॅबला कुरिअर. आयुष्यात एकदाच. क्लिअर (सदोष जनुक नाही), कॅरिअर (एक प्रत सदोष) किंवा अफेक्टेड (दोन्ही प्रती सदोष) असा निकाल येतो. अफेक्टेड आली तरी घाबरू नका, डॉबरमनमध्ये टाइप १ म्हणजे सौम्य प्रकार असतो आणि अशा कित्येक कुत्र्यांना कधीच जास्त रक्त येत नाही. म्हणून व्हेटला ब्लीडिंग टाइमही बघायला सांगा. वरच्या ओठाच्या आत बारीक छेद देतात आणि घड्याळ लावतात. साधारण चार मिनिटांत थांबायला हवं.

माहीमकर: आणि नाही थांबलं तर?

डॉबीप्रेमी: तर ऑपरेशन प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव) चढवायची सोय असेल तिथेच. टाइप १ मध्ये आधी डेस्मोप्रेसिन हे ते प्रथिन वाढवणारं औषधही देतात. आणि ॲस्पिरिन अजिबात नको.

जीएसडी_बाबा: आमच्या जर्मन शेफर्डच्या घराण्यात हिमोफिलिया ए (रक्त न गोठण्याचा दुसरा आनुवंशिक आजार) होता. तो एक्स क्रोमोसोमवरून येतो, आईकडून मुलग्यांना. व्हॉन विलेब्रँडमध्ये तसं नाही, तो नर-मादी दोघांनाही होतो. तेव्हा ब्रीडरला आईबापांच्या टेस्ट मागा. तो टाळाटाळ करेल, तरी मागा.

माहीमकर: धन्यवाद मंडळी. उद्या परळला बैलघोडा हॉस्पिटलात (जनावरांचा दवाखाना) नेतो. उपाशी न्यायचं का?

शेपूटवाली: सीबीसीला गरज नाही. सकाळी लवकर जा, गर्दी असते. मुसकं न्या, रांगेत मांजरंही असतात.