कोकण किनाऱ्याच्या सुरक्षेवर अभ्यासगट: वर्षाचं काम कसं आखावं?

प्रश्न: दिल्लीतली मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था देशपातळीवर धोरणाचं काम करते. रत्नागिरीत फक्त किनाऱ्यापुरता गट चालवायचा आहे. पहिल्या वर्षी काय हाती घ्यावं?

उत्तर १: उतरण्याच्या जागांची यादी. १९९३ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीत उतरलं ते अशाच आडबाजूच्या किनाऱ्यावर. प्रत्येक खाडीच्या मुखाशी उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला) पाणी किती, हे दोन्ही लिहा. उथळ मुखातून होडी भरतीलाच आत शिरते, म्हणून गस्तीची वेळ भरतीशी जुळते का ते तपासा. अहवालांत हे सहज सुटतं.

उत्तर २: नौकांची मोजणी १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत करा, तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात. एआयएसची (नौकेची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राची) सक्ती २० मीटरपेक्षा लांब नौकांना, लहान होड्या त्यातून सुटतात. लाकडी, फायबरच्या होड्या रडारवरही अंधुक दिसतात. खरी फट इथेच आहे.

उत्तर ३: उद्दिष्टात 'जनजागृती' एवढंच लिहू नका हो. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस नौका वाहत आली. अशी नौका दिसल्यावर सागरी सुरक्षेच्या १०९३ या हेल्पलाइनला फोन किती मिनिटांत जातो, ते गावागावांत मोजा. तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) सोबत घ्या, समुद्रातलं परकं काही आधी त्यांनाच दिसतं.