मसाई मारा ट्रिप: लस घ्यायची का नाही, आज ठरवूया

निखिल, सी-४०४: मंडळी, १४ ऑगस्टचं नैरोबीचं बुकिंग झालंय, आपण ११ जण. आता यलो फिव्हरच्या लशीचं बघा. एजंट म्हणतोय ऑप्शनल आहे, केनियावाले इंडियातून येणाऱ्याला विचारतच नाहीत, मग उगाच कशाला टोचून घ्यायचं?

मंजिरी, बी-३०२: निखिल, केनियात शिरताना नाही विचारत हे बरोबर आहे, पण घोळ परत येताना होतो. आपलंच सरकार मागतं लस घेतल्याचं कार्ड, ते पिवळं पुस्तक. केनियातून निघाल्यापासून ६ दिवस व्हायच्या आत इथे उतरलास आणि कार्ड नसेल तर थेट क्वारंटाईन, ६ दिवसांपर्यंत, घरी नाही हं, ते सांगतील तिथे. आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो ना, मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच हेल्थवाल्यांचं टेबल होतं, एकेकाचं पिवळं पुस्तक उघडून पासपोर्ट नंबर जुळवून बघत होते. माझ्या दिराच्या कार्डावर जुन्या पासपोर्टचा नंबर होता, नशीब जुना पासपोर्ट नव्याला स्टेपल करून ठेवलेला, तो दाखवला तेव्हा सोडलं.

विनय, ए-५०३: एजंटला सांगून नुसतं कार्ड मिळतं म्हणे, लस न घेता. माझ्या ऑफिसमधल्या एकाने तसंच केलं

डॉ. केतकी, ए-१०१: विनयदादा प्लीज असलं काही करू नका आणि कोणाला सुचवू पण नका. मी जरा मोठं लिहिते, वाचा सगळ्यांनी. यलो फिव्हर पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, तोच जो डेंग्यू पसरवतो. मागच्या पावसाळ्यात सी विंगमध्ये चार घरांत डेंग्यू झाला तेव्हा आपण गच्चीवरचे ड्रम न कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करत फिरत होतो, आठवतंय ना? म्हणजे डास आपल्याकडे आहेच, ढिगाने आहे, फक्त तो व्हायरस भारतात नाहीये. एक माणूस अंगात घेऊन आला आणि त्याला इथला डास चावला की संपलं, म्हणून आपलं सरकार इतकं कडक आहे. या आजारावर खास औषध नाही, बऱ्याच जणांना ताप येऊन बरं वाटतं पण ज्यांना पुढची गंभीर स्टेज येते, कावीळ, रक्तस्राव, त्यातले जवळपास निम्मे जातात. त्यामुळे प्रश्न फक्त आपल्या ट्रिपचा नाहीये.

निखिल, सी-४०४: बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. घेऊया मग. किती वेळा घ्यावी लागते?

डॉ. केतकी: एकदाच. आधी १० वर्षांनी परत घ्यावी लागायची, जुलै २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं. पण टोचल्यावर १० दिवसांनी व्हॅलिड होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

सुनंदा काकू, सी-२०१: केतकी, मला चालेल का गं? माझं वय ६७, संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी दर रविवारी असते, आणि स्टेरॉईड पण थोडं

डॉ. केतकी: काकू, तुम्हाला मी सरळ सांगते. ही जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची लस आहे. तुमच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते त्यामुळे ही लस तुम्हाला देत नाहीत. शिवाय ६० च्या वर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो, फार क्वचित होतं पण होतं. संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा नक्की, पण लशीसाठी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद अजिबात करायच्या नाहीत. जोशी काका ६४ चे आहेत, त्यांनीही फिजिशियनला भेटूनच ठरवायचं. आणि कोणाला अंड्याची मोठी ॲलर्जी असेल, कोणी प्रेग्नंट असेल तर आधी बोला.

मंजिरी: पुण्याच्या ससून हॉस्पिटलला मिळते, मी उद्या फोन करून वार विचारते. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे रोज नसते, नंबर लावून जावं लागतं. आमच्या वेळी ३०० रुपये होते. ओरिजिनल पासपोर्ट लागतो. दंडाला टोचतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, मला दोन दिवस अंग दुखलं, बाकी काही नाही.

जोशी काका, बी-१०३: मी शुक्रवारी डॉक्टरांकडे जातो, ते हो म्हणाले तरच येईन. निखिल, माझी जागा तोवर धरून ठेव.

विनय, ए-५०३: सॉरी सगळ्यांना, कार्डाचं मी उगाच बोललो. माझं आणि रुचाचं नाव लावा ससूनला. मलेरियाच्या गोळ्या पण लागतील ना?

डॉ. केतकी: हो, ते वेगळं. कुठली गोळी ते ज्याच्या त्याच्या तब्येतीनुसार, लस घेताना तिथेच विचारा. रिपेलंट रात्रीच नाही, दिवसाही लावायचं, एडिस दिवसा चावतो.

सुनंदा काकू: मी आत्ताच आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते पण नाही म्हणाले. तीन वर्षं झाली मी त्या नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टचे व्हिडिओ बघत होते, वाईट वाटतंय खूप. पण मी नाही येत. निखिल माझे पैसे किती परत मिळतात बघ. आणि अजय-स्मिता तुम्ही मात्र जायचंच, माझ्यामुळे थांबायचं नाही, नातवाला मी सांभाळते. रोज संध्याकाळी हत्तींचे फोटो पाठवा.

स्मिता, सी-२०१: आई 🙏 डिसेंबरमध्ये ताडोबा, तुम्ही मी दोघीच. बुकिंग आज रात्री बघते.