चादरीतली जादू: शेवटी नायिका फार सहज सुटते, नियम कुठे आवळू?

कन्ना_चौक
कादंबरी आजच्या सोलापुरात घडते. नायिका नरसव्वा पूर्व भागातल्या कारखान्यात जॅकार्डच्या (छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या) यंत्रमागावर काम करते. ती जी नक्षी विणेल तिचा गुण चादर पांघरणाऱ्याच्या अंगी येतो. मासा विणला तर पाण्याखाली दम टिकतो, मोर विणला तर पावसाची चाहूल आधी लागते. शेवटच्या प्रकरणात, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत, खलनायकाची माणसं कारखान्याला वेढा घालतात. ती एका रात्रीत ‘अंधार’ विणते, पांघरते आणि त्यांच्या समोरून निघून जाते. खर्डा वाचलेले सगळे म्हणतात, सोयीचं झालं. बंधन कुठे घालू? आणि वाचकाला किती उलगडून सांगू?

रात्रपाळी
सोयीचं वाटतं कारण अंधार त्या रात्रीच पहिल्यांदा दिसतो. जादूच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्रँडन सँडरसनचा २००७ मधला पहिला नियम हाच: पेच जादूने सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी जेवढी कळली असेल, तेवढीच ती सुटका त्याला पटते. म्हणजे अंधाराची नक्षी निम्म्या कादंबरीच्या आधी यायला हवी, तीही भलत्याच कामासाठी आणि फसलेली. लहान मुलाला दुपारी झोपवायला विणली आणि पोरगं दोन दिवस कुणाला सापडेना, असं काहीतरी.

आपल्याकडे याचा सगळ्यात चोख नमुना कर्णाची वासवी शक्ती, इंद्राने दिलेलं अस्त्र. किंमत आधी चुकती झालेली (कवचकुंडलं), वापर एकदाच, आणि अर्जुनासाठी राखलेली हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून घटोत्कचावर ती खर्च होते तेव्हा कुणी ‘असं कसं’ विचारत नाही. तुमच्या चादरीला असा हिशोबच नाही.

धोटा_कांडी
बंधनं बाहेरून कशाला आणताय दादा, मागातच पडलीयेत की. जॅकार्डवर नवी नक्षी एका रात्रीत निघतच नाही. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवायची, मग पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची, ती क्रमाने दोरीने ओवायची, मग मागावर चढवायची. एका बाण्याला (आडव्या धाग्याला) एक कार्ड. समजा इंचाला ४० बाणे आणि नक्षी ३० इंचांची, तर १२०० कार्डं झाली. छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतो. छिद्र नसेल तर धागा खालीच. तेव्हा नरसव्वाकडे त्या रात्री फक्त आधीच पंच केलेल्या नक्ष्या असणार. यातच निम्मा पेच उभा राहतो.

बिघाडही वेगवेगळे वापरा. एक छिद्र चुकलं तर तो दोष नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी येतो, म्हणजे जादू दर थोड्या वेळाने त्याच ठिकाणी दगा देणार. दोन कार्डांची अदलाबदल झाली तरी चूक दर फेरीला येते, पण आडवी, सगळ्या रुंदीभर. ताण्याचा धागा तुटून तसाच राहिला तर उभी रेघ पडते, जोडेपर्यंत लांबत जाते. यातला एकच दोष निवडा आणि सुरुवातीच्या प्रकरणात कारागिरांच्या बोलण्यात सहज येऊ द्या. आणि वीज! वीज गेली की माग उभा.

होम_मैदान
वरच्यांशी थोडं भांडतो. एवढा हिशोब मांडला की जादूचं तांत्रिक मॅन्युअल होतं. मोर पांघरल्यावर पाऊस ‘का’ कळतो हे सांगू नका, चादर काय करते आणि काय नाही एवढं दाखवा. गूढ जादूने संकट आणलं तर वाचक खुशाल मान्य करतो, संकट टाळलं की भांडायला उठतो. सुपरहिरोंच्या मालिकांत काय जमतं आणि काय नाही हेच पाळत नाहीत. विजेच्या वेगाने धावणारा नायक पहिल्या भागात गोळी पकडतो आणि आठव्या भागात साध्या चोराच्या ठोशाने पडतो, कारण लेखकाला तो पडायला हवा असतो.

प्रसंग गड्ड्यातल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्रीच ठेवा. अंधार पांघरलेली बाई आणि वर आभाळ उजळतंय! तिला दोन स्फोटांच्या मधल्या काळोखातच पावलं टाकावी लागतील. त्या रात्रीची तारीख शहरात सगळ्यांनाच माहीत असते, त्यामुळे खलनायकानेही ती मुद्दाम निवडलेली असू शकते.

कन्ना_चौक
दारूकाम घेतलं. कार्डं आधीची ठेवली तर मग त्या रात्री ती विणते काय? नुसती पांघरून निघाली तर मागाचा उपयोगच राहत नाही.

धोटा_कांडी
पोराला झोपवायला केलेली तीच कार्डं मागावर चढवा, चुकलेल्या छिद्रासकट. चादर घरी नाही, पोराबरोबर हरवलीय, म्हणून पुन्हा विणणं भाग. पंच झालेलं छिद्र घाईत बुजवता येतं, कागद चिकटवून. पण १२०० कार्डांत नेमकं कुठलं, हे शोधायला आधी एक पूर्ण फेरी विणून कापडावर दोष बघावा लागेल आणि त्या बाण्यापर्यंत कार्डं मोजत जावी लागतील. तेवढ्यात बाहेर पहिला बार उडू द्या. काळ्या बाण्याचा रंगही ठरवून घ्या. कच्चा असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या कडेने पळताना भिजलेला काठ उतरणार आणि तेवढी टाच दिसणार.