गावठाणं बघत स्वतःच फिरायचंय: नवी मुंबई, उरण, ठाणे पट्ट्यात सुरुवात कुठून करू?

नेरुळचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. नेरुळला येऊन अकरा वर्षं झाली. लेक सहावीत आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, हे सेक्टर व्हायच्या आधी इथे कोण राहायचं?" आगरी-कोळी लोक राहायचे, एवढं सांगितलं आणि त्यापुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. अकरा वर्षं राहून काहीच नसावं, हे मनाला लागलं.

दोन रविवार हाताशी आहेत. एक दिवस पायी, एक दिवस गाडीने. गाईड नको, टूरची बस नको, रिसॉर्ट तर नकोच. आपण उतरावं, चालावं, कुणी भेटलं तर बोलावं असं काहीतरी. सोबत आई आहे, वय बहात्तर, गुडघे दुखतात. कुठून सुरुवात करू?

खाडीकाठची
दूर कशाला जाता? तुमच्या लोकलच्या पाट्या वाचा. सानपाडा, तुर्भे, घणसोली ही सगळी गावांची नावं आहेत. सीवूड्स स्टेशनच्या नावातलं दारावेही गावच. सिडको १९७० साली आली. शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाणं मात्र राहिली. पायी फिरायचा रविवार नेरुळ गावातच सुरू करा. गावदेवीचं देऊळ विचारा, तिथून गल्ल्यांनी चाला, मग सारसोळे, करावे. आईंना रिक्षाने पुढच्या गावाच्या देवळापाशी सोडा, तोवर तुम्ही दोघं चालत या.

एक विनंती, आणि ती मनापासून आहे. मी दिवाळे गावची. आमच्या ओट्यावर आजी जवळा निवडत बसलेली असते. लोक येतात, काही न बोलता फोन काढतात, फोटो घेतात आणि निघून जातात. ओटा रस्त्याला लागून असला तरी तो घराचाच भाग आहे. आधी "काय आजी, जवळा का?" एवढं विचारा. ती तुम्हाला बसायला सांगेल, तिच्या लग्नात धवलारणीने, म्हणजे लग्नगीतं गाणाऱ्या बाईने, गायलेले धवलेही ऐकवेल. मग फोटोही काढू देईल.

जुईकर
गाडीचा रविवार मी सांगतो, कारण तो आमचा पट्टा आहे.

बेलापूरहून उलव्याच्या बाजूने जासईला या. तिथे हुतात्मा स्मारक आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला या पट्ट्यात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. नेतृत्व होतं जासईच्याच दि. बा. पाटलांचं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची जी योजना पुढे आली, ती या लढ्यातून आली. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळेल.

तिथून गव्हाण फाटा, दिघोडे, चिरनेर. चिरनेरला घाई करू नका. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह इथलाच. सरकारने जंगल बंद केलं होतं. सरपण आणायचं नाही, गुरं चारायची नाहीत. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले आणि गोळीबार झाला. आठ हुतात्मे. स्मारकावरची नावं लेकीला मोठ्याने वाचायला लावा आणि नावापुढची गावंही वाचू द्या. चिरनेर, कोप्रोली, दिघोडे, मोठी जुई, धाकटी जुई. त्यातली बरीच तुम्हाला त्याच दिवशी रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतील. मी मोठ्या जुईचा. लहानपणी ते नाव वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजून येतो. नाग्या महादू कातकरी हे नाव दाखवायला विसरू नका. कातकरी वाड्यांवर आजही हे नाव अभिमानाने घेतात.

महागणपतीचं देऊळ तिथेच, आईंना बसायला सावली आहे. कुंभारांकडेही जाऊन या. हिवाळ्यात गेलात तर पोपटीची मडकी घेणाऱ्यांची लगबग असते. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ, बाकी आमच्याकडे हिवाळ्यात दुसरं काही लागत नाही.

परत त्याच रस्त्याने येऊ नका. साईमार्गे खारपाड्याला गोवा हायवेला लागा आणि पनवेलकडे वळा. उजवी-डावीकडे भातशेती, मध्येच खाजण. बांधावर थांबून उघाडी दाखवा. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, एवढ्या एका दारावर आमच्या आज्या-पणज्यांनी भात पिकवला. पुढे कर्नाळा आणि मग शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव (१८४५). वाटेवरच आहे, अर्धा तास काढा.

गव्हाण फाटा ते दिघोडे कंटेनरचे ट्रेलर असतात. सकाळी सातच्या आत निघा. रस्त्याकडेला गाडी लावून फोटो काढायचा मोह टाळा, तिथे जिवावर बेतू शकतं.

चेंदणीकर
ठाण्यासाठी फार लिहीत नाही. ठाणे पूर्वेला उतरा आणि चेंदणी कोळीवाडा विचारा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. त्या रुळांनी आमच्या कोळीवाड्याचे दोन भाग केले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मीठबंदर रोडने खाडीपर्यंत चाला. नावातच कळेल इथे काय उतरत होतं. ओहोटीची वेळ बघून या. चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारतात, मुलांना तिथून हलवणं कठीण जातं. नारळी पौर्णिमेला आलात तर सगळ्यात छान.

शिळावाचक
तिसरा रविवार काढता आला तर लोनाडला जा, भिवंडी तालुक्यात. छोटी लेणी आहे, बौद्ध काळातली. आज तिथे खंडेश्वरी देवी आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. भिंतीवर राजदरबाराचा शिल्पपट आहे, तिरक्या उजेडात नीट दिसतो. गावात शिलाहार काळातलं पडकं शिवमंदिर आहे. जवळच्या चौधरपाड्याचा शिलालेख शके ११६१ चा, शिलाहार राजा केशिदेवाचा. तो गद्धेगाळ आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चित्रात कोरलेला. खालचं शिल्प मुलांसमोर अवघडल्यासारखं होतं, हे माहीत असू द्या. चंद्र-सूर्य का, ते मात्र जरूर सांगा: ते आहेत तोवर हे दान राहील.

या पट्ट्यात अशा शिळा शेताच्या बांधावर, देवळामागे, पिंपळाखाली दिसतात. शेंदूर लावलेला असतो. खडूने अक्षरं रंगवू नका, पाणी ओतू नका. तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात. परतताना अंबरनाथचं शिवमंदिर करा, शके ९८२ म्हणजे १०६०.

नेरुळचा_पाहुणा
चिरनेर करून आलो. सकाळी पावणेसातला निघालो, जुईकर, ट्रेलरचा सल्ला अगदी खरा होता.

कुंभारवाड्यात एक आजोबा वाळत घातलेली मडकी बोटाच्या सांध्याने एकेक वाजवून बघत होते. लेकीने विचारलं, कशाला? त्यांनी एक मडकं तिच्या कानाशी धरलं, वाजवलं, मग दुसरं वाजवलं. पहिलं टणटणीत वाजलं, दुसऱ्याचा आवाज बद्द. "याला चीर हाय, डोळ्याला दिसत नाय." तिने सगळं मडकं फिरवून फिरवून बघितलं, चीर सापडली नाही. मग तिने तिथली वीसेक मडकी स्वतः वाजवली आणि दोन बाजूला काढली. त्यातलं एक आजोबांनी मान्य केलं. फोटो मी विचारून काढला, खाडीकाठची, तुमचं बोलणं लक्षात होतं.

स्मारकापाशी तिने सगळी नावं वाचली. आई देवळात बसली होती, तिला जाऊन पुन्हा सांगितली. परतताना मोठ्या जुईची पाटी दिसली तेव्हा "बाबा, थांबवा" म्हणाली. बाजूला जागा बघून थांबलो. पाटीच होती, मागे शेत आणि दोन बगळे, ती बघत उभी राहिली.

पुढच्या रविवारी ओहोटी सकाळी साडेआठला आहे. चेंदणीकर, आईंना मीठबंदर रोडवर बसायला कुठे जागा आहे का?