यंत्रमागवाल्यांच्या सॉफ्टवेअरला कायम फुकटचा प्लॅन ठेवावा का?

धोटा_आणि_कोड:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखान्यांसाठी आम्ही दोघांनी सॉफ्टवेअर बनवलंय. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती नग निघाले, कामगारांची मजुरी, बिल, उधारी. महिना ७९९ रुपये. डेमोला गेलं की चहा येतो, कौतुक होतं आणि शेवटी "बघू की, गड्ड्याची जत्रा झाल्यावर या."

भागीदार म्हणतो, आठ मागांपर्यंत कायम फुकट देऊ, सवय लागली की देतील पैसे. मला ते पटत नाही. सर्व्हरचा खर्च किरकोळ आहे, पण व्हॉट्सॲपवरून आपोआप जाणाऱ्या बिलांचे पैसे मेटाला मोजावे लागतात. त्याहून जड म्हणजे फोन. मजुरीच्या दिवशी मुनीमजी फोन करतात तो पाऊण तास सोडत नाहीत. त्यांना "तुम्ही फुकटवाले" असं म्हणता येतं का?

तेवीस_माग:
मी तुमचं गिऱ्हाईकच समजा. फुकट म्हटलं की मी माझी उधारी त्यात घालणार नाही. उद्या तुम्ही गाशा गुंडाळला तर आकडे कुणाकडं मागू? आधी सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतंय का ते दाखवा.

आणि महिन्याच्या ट्रायलनं काही कळत नाही ओ. माल गेल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा एक फेरा होऊ द्या. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं. सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या आमच्यासारख्या लहान उत्पादकाचे पैसे व्यापाऱ्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर मुदत टळून वर्षअखेरीला थकलेल्या रकमेची वजावट त्याला त्या वर्षी मिळत नाही. कुणाचे किती दिवस झाले हे रोज सकाळी दाखवा, ७९९ जड नाहीत.

पुण्यातला_सोलापूरकर:
आठ मागांची मर्यादा टिकणार नाही. एकाच शेडमध्ये भावाच्या, बायकोच्या नावानं तीन फर्म असतात, म्हणजे तीन फुकट खाती. मोठ्यांनाही हे झेपलं नाही: ॲप चालवायला सर्व्हर देणाऱ्या हेरोकूनं २०२२ मध्ये फुकटचे प्लॅन बंद केले, ऑफिसातल्या चॅटचं ॲप असलेल्या स्लॅकनं त्याच वर्षी फुकटवाल्यांचे जुने मेसेज ९० दिवसांनंतर दिसेनासे केले. फुकट द्यायचंच तर बिल घेणाऱ्याला द्या. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला लॉगिनशिवाय बिल आणि बाकी दिसू दे. तो दहा कारखान्यांकडून माल घेतो, तुमचं नाव तिथून फिरेल. त्याचा मदतीचा फोनही यायचा नाही.

धोटा_आणि_कोड:
व्यापाऱ्याची बाजू डोक्यातच आली नव्हती. मग तीन महिने ट्रायल, नंतर पैसे, आणि पैसे थांबवले तरी एक्सेल काढणं चालूच. भागीदाराला अजून सांगितलेलं नाही, तो चिडणार. तेवीस_माग, तुमच्याकडे आलो तर चालेल?

तेवीस_माग:
या की. मुनीमजी असताना या, मला दाखवून उपयोग नाही.