'तटस्थ', 'अलिप्त' की 'गटबाह्य'?

भाषांतरवाली: युक्रेनवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एकाच शब्दापाशी अडलेय. १६ जुलै १९९० च्या सार्वभौमत्वाच्या घोषणेत युक्रेनने 'कायमस्वरूपी तटस्थ' होण्याचा इरादा सांगितला. २०१० च्या कायद्यात मात्र शब्द येतो 'पोझाब्लोकोविस्त', शब्दशः गटांच्या बाहेर असणं. डिसेंबर २०१४ मध्ये तेही सोडलं आणि २०१९ मध्ये नाटो-सदस्यत्वाचं ध्येय थेट राज्यघटनेत घातलं. माझ्या मसुद्यात सगळीकडे 'तटस्थ'च पडलंय. चालेल?

गोदाकाठ: 'अलिप्त' घ्या की. नेहरूंच्या काळापासून रुळलेला शब्द आहे.

कानामात्रा: रुळलाय म्हणूनच नको. वाचकाला लगेच अलिप्त राष्ट्र चळवळ आठवणार. शिवाय अलिप्तता हे धोरण. अलिप्त भारत १९७१ मध्ये युद्धात उतरलाच ना? कायमस्वरूपी तटस्थता हा कायद्यातला दर्जा असतो आणि तो इतरांनीही मानावा लागतो. तुर्कमेनिस्तानची तटस्थता १२ डिसेंबर १९९५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून मान्य केली. तिकडे त्या दिवशी सुट्टी असते. राजधानी अश्गाबातमध्ये तटस्थतेची कमानही उभारली. वर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांचा सोनेरी पुतळा, तो मात्र दिवसभर सूर्याची बाजू घेत फिरायचा!

तुमच्या लेखात २०१० साठी 'गटबाह्य' लिहा. फरक किरकोळ नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा हाच कायदा लागू होता. 'नाटोत जायचं ठरवलं म्हणून क्रिमिया गेला' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी तारखा लावून बघाव्यात.

गोदाकाठ: मान्य. पण मग युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर २ मार्च २०२२ ला झालेल्या मतदानाचं काय? आमसभेत १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, त्यात आपण. 'भारत तटस्थ' हे मथळे चूक?

कानामात्रा: चूक नाहीत, पण तिथे तटस्थ म्हणजे कुणालाच मत न देणं. एकाच लेखात दोन्ही अर्थ आले तर घोळ होणार. तसा जुन्या मराठीत 'तटस्थ होणे' म्हणजे थिजून उभं राहणंही होतं.

भाषांतरवाली: आणि नाटो? 'लष्करी युती' की 'आघाडी'?

गोदाकाठ: युती म्हटलं की मला जागावाटपाची बैठक दिसते. :) पण 'आघाडी' अजिबात नको. 'युक्रेन आघाडीत' म्हणजे नाटोत की खंदकात? कलम ५ प्रमाणे एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, एवढी बांधिलकी आपल्याकडच्या युत्यांत कुठली, तरी 'लष्करी युती'च बरी.

काठावरचा: उशिरा येतोय. 'तटस्थ' म्हणजे मुळात काठावर उभा असलेला. आता मोल्दोव्हा बघा. १९९४ च्या घटनेचं ११वं कलम दोन गोष्टी सांगतं: देश कायमचा तटस्थ, आणि परकं सैन्य इथे राहणार नाही. पण ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे नीस्टर नदीकाठच्या फुटून निघालेल्या पट्ट्यात, रशियन सैनिक तेव्हाही होते, आजही आहेत. १९९९ च्या इस्तंबूल परिषदेत २००२ अखेरपर्यंत माघारीचं वचन रशियाने दिलं होतं. आणि मोल्दोव्हाच्या सरकारी भाषेत तो भाग म्हणजे 'नीस्टरचा डावा तट'. शब्दशः तटस्थ कोण, ते तुम्हीच ठरवा.

भाषांतरवाली: हे तळटीप म्हणून ढापते! मग १९९० ला 'तटस्थ', २०१० ला 'गटबाह्य', नाटोला 'लष्करी युती'. संपादक 'गटनिरपेक्ष' करतील अशी धास्ती आहे, तो तर सरळ हिंदीतून आलेला.